टोळ आणि नाकतोडा : माणसाशी असलेले जुने नाते

२०२० ची रमजान ईद आपल्यापैकी कोणीच विसरलेले नाही. टाळेबंदी होती, ईदगाह ओस पडली होती, नमाज घरातच झाली आणि शीरखुर्म्याची वाटी शेजारी पोहोचवतानाही माणूस दहादा विचार करत होता. २५ मे रोजी ईद झाली. त्याच सुमारास मध्य प्रदेशातून टोळधाड अमरावती जिल्ह्यात शिरली. तिथून ती वर्धा, नागपूर, पुढे भंडारा आणि गोंदियाकडे गेली. संत्र्याच्या बागा, भाजीपाला, रस्त्याकडेची झाडे, जिथे हिरवे दिसेल तिथे ते बसत होते. लोक रात्री-अपरात्री शेतात जाऊन थाळ्या, डबे, पत्रे वाजवत होते.

आम्ही विदर्भातल्या एका उर्दू शाळेत शिकवतो. शाळा बंद होती, पण मुलांचे प्रश्न बंद नव्हते. व्हॉट्सॲपवर एका मुलाचा आवाज आला, "सर, अब्बा बोल रहे ये अजाब है. सही है क्या? और इनको खा सकते क्या?" दुसऱ्याने विचारले, "सर, ये वोही टिड्डा है क्या जो अपने स्कूल के कंपाउंड में रहता?"

तिन्ही प्रश्न साधे वाटले, पण एकाचेही उत्तर आम्हाला नीट देता आले नाही. मग पुस्तके काढली, वाचत गेलो. शाळा पुन्हा सुरू झाल्यावर एक गोष्ट पाहिली आणि हे सगळे लिहून ठेवायचे नक्की केले. काही मुलांनी भिंतीवर बसलेला एक हिरवा नाकतोडा "टोळ आहे, मारा" म्हणत चपलेने चिरडला. त्या बिचाऱ्याने कोणाचे काहीच खाल्ले नव्हते.

नाकतोडा कोण, टोळ कोण?

मराठीत आपण नाकतोडा, टोळ आणि रातकिडा असे तीन शब्द वापरतो. उर्दूत टिड्डा, टिड्डी आणि झिंगूर. हे तिघेही एकाच मोठ्या कुळातले कीटक आहेत. रातकिड्यांच्या मिशा लांब, कधी कधी शरीराहूनही लांब असतात. नाकतोडा आणि टोळ यांच्या मिशा आखूड असतात. आखूड मिशांच्या या गटात जगभर सुमारे ११ हजार जाती आहेत. गवत उगवते अशा जवळजवळ सगळ्या प्रदेशांत त्यातली एखादी तरी जात सापडते.

मग टोळ वेगळा कसा? शरीराने तो नाकतोडाच आहे. फरक स्वभावात आहे. या हजारो जातींपैकी जेमतेम वीसएक जाती अशा आहेत की त्यांची संख्या वाढून गर्दी झाली, तर त्यांचा रंग, वागणूक आणि शरीराची ठेवणसुद्धा बदलते आणि त्या झुंडीने उडू लागतात. अशा जातींना आपण टोळ म्हणतो. प्रत्येक टोळ हा नाकतोडा आहे, पण प्रत्येक नाकतोडा टोळ नाही. शाळेच्या भिंतीवरचा तो हिरवा जीव कितीही वाढला असता तरी त्याची टोळधाड झाली नसती.

नाकतोड्याचे शरीर न्याहाळण्यासारखे असते. मागचे पाय लांब आणि जाड मांड्यांचे. त्यांच्या जोरावर तो आपल्या लांबीच्या वीसपट लांब उडी घेतो. कान डोक्यावर नसून पोटाच्या पहिल्या भागावर, पंखाखाली असतात. बऱ्याच जातींचे नर मागचा पाय पंखावर घासून आवाज काढतात, गवतातून येणारी ती किरकिर तीच. समोरून एखादी वस्तू वेगाने जवळ येत असेल तर ती ओळखणारी एक खास मज्जापेशी टोळाच्या दृष्टियंत्रणेत असते. म्हणूनच लाखोंच्या झुंडीत उडतानाही ते एकमेकांवर आदळत नाहीत. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठात याच पेशीचा अभ्यास झाला आणि मोटारीची धडक टाळणारी यंत्रणा बनवण्यासाठी त्याचा उपयोग करण्याचे प्रयत्न झाले.

एकटा असतो तेव्हा वेगळा, गर्दीत वेगळा

२०२० मध्ये आपल्याकडे आलेली जात वाळवंटी टोळ होती. अरबीत टोळाला जराद म्हणतात. या जातीचा टोळ एरवी वाळवंटात एकेकटा राहतो. रंग मातकट, स्वभाव भित्रा, उडायचे ते बहुधा रात्री. दुसरा टोळ दिसला तर हा बाजूला सरकतो.

वाळवंटात चांगला पाऊस झाला की वाळू ओली होते. मादी त्या ओल्या वाळूत काही इंच खोल अंडी घालते. एकेका पुंजक्यात ऐंशीच्या आसपास, कधी शंभरावर अंडी असतात. साधारण दोन आठवड्यांत पिल्ले निघतात. त्यांना पंख नसतात, ती उड्या मारत चालतात. पाच वेळा कात टाकली की पंख फुटतात. पाऊस पुन्हा झाला तर पुढची पिढी तयार होते. तीन महिन्यांत त्यांची संख्या साधारण वीसपट होऊ शकते.

मग पाऊस थांबतो आणि हिरवळ आक्रसते. उरलेल्या थोड्या झुडपांवर सगळे एकत्र येतात आणि एकमेकांना घासू लागतात. इथेच बदल घडतो. मागच्या पायांना असा सततचा स्पर्श झाला की टोळाच्या शरीरात सेरोटोनिन नावाचे रसायन वाढते आणि अवघ्या दोन ते चार तासांत त्याची वागणूक पालटते. आधी लांब पळणारा टोळ आता दुसऱ्याकडे ओढला जातो. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या संशोधकांनी ही गोष्ट २००९ मध्ये दाखवून दिली. हेच रसायन माणसाच्या मेंदूतही असते आणि आपल्या मनःस्थितीशी त्याचा संबंध असतो. पुढे पिल्लांचा रंग पिवळा-काळा होतो. पंख फुटल्यावर टोळ आधी गुलाबी आणि पूर्ण वयात आल्यावर पिवळा दिसतो.

हा फरक इतका मोठा की शास्त्रज्ञ कित्येक वर्षे एकट्या टोळाला एक जात आणि झुंडीतल्या टोळाला दुसरी जात समजत होते. बोरिस उवारोव्ह या रशियात जन्मलेल्या आणि पुढे लंडनमध्ये काम केलेल्या शास्त्रज्ञाने १९२१ मध्ये मांडले की ही एकाच कीटकाची दोन रूपे आहेत. टोळ नियंत्रणाचे आजचे सगळे शास्त्र या शोधावर उभे आहे. दोन्ही रूपे एकच असतील, तर झुंड होण्याआधी एकट्या टोळावर नजर ठेवता येते.

आमच्यासारख्या भाषा शिकवणाऱ्यांना यात एक गंमत सापडली. जुन्या अरबीत, पंख फुटू लागलेल्या आणि आता उडणार अशा टोळांना 'गौगा' म्हणत. तोच शब्द पुढे माणसांच्या बेभान जमावालाही लागला. आपल्या उर्दूत गौगा म्हणजे गोंगाट, गलका. मराठीतही उनाड टोळक्याला टोळभैरव म्हणतात. प्रयोगशाळा नव्हती तेव्हाही लोकांना कळले होते की हा जीव गर्दीत गेला की बदलतो. माणसाचेही तसेच होते, हेही त्यांना कळले असावे.

झुंडीची ताकद

एका टोळाचे वजन सुमारे दोन ग्रॅम. तो दिवसाला साधारण स्वतःच्या वजनाएवढे खातो. दोन ग्रॅम पाला म्हणजे काहीच नाही. पण एक चौरस किलोमीटर झुंडीत चार ते आठ कोटी टोळ असू शकतात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या हिशोबाने एवढीशी झुंड एका दिवसात सुमारे ३५ हजार माणसांच्या अन्नाएवढे खाऊन टाकते. मोठ्या झुंडी शेकडो चौरस किलोमीटर पसरलेल्या असतात.

वाऱ्याच्या दिशेने झुंड दिवसाला १५० किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. टोळ दिवसा उडतात आणि संध्याकाळी झाडाझुडपांवर उतरतात. १९८८ मध्ये तर पश्चिम आफ्रिकेतून निघालेले टोळ अटलांटिक महासागर ओलांडून कॅरिबियन बेटांवर पोहोचले. सुमारे पाच हजार किलोमीटरचे हे अंतर त्यांनी दहाएक दिवसांत कापले.

इतिहासातल्या तीन गोष्टी

पहिली गोष्ट जेरुसलेमची. १९१५ च्या मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत पॅलेस्टाईन, सीरिया आणि लेबनॉनवर टोळांनी अक्षरशः पडदा घातला. पहिले महायुद्ध चालू होते, उस्मानी राजवट होती, अन्न आधीच कमी होते. सरकारने हुकूम काढला की १५ ते ६० वर्षांच्या प्रत्येक पुरुषाने टोळांची २० किलो अंडी गोळा करून द्यावीत, नाहीतर दंड भरावा. जेरुसलेममधल्या अमेरिकन कॉलनीच्या छायाचित्रकारांनी त्या महिन्यांचे फोटो काढून ठेवले. टोळ येण्याआधीचे अंजिराचे झाड आणि नंतरचे तेच झाड पाहिले की अंगावर काटा येतो. पाने तर गेलीच, फांद्यांची सालही उरली नव्हती. लेबनॉनमध्ये पुढे जो भयंकर दुष्काळ पडला, त्यामागे युद्ध आणि नाकेबंदीबरोबर ही टोळधाडही होती.

दुसरी गोष्ट अमेरिकेची. तिथे रॉकी पर्वताच्या भागात टोळांची एक जात होती. १८७५ मध्ये तिची जी झुंड दिसली, तिचा अंदाज अल्बर्ट चाइल्ड नावाच्या डॉक्टरने बांधला होता. त्यानुसार तिने सुमारे १ लाख ९८ हजार चौरस मैल व्यापले होते. आपल्या महाराष्ट्राच्या दीडपटीहून जास्त. आणि ही जात तीसेक वर्षांत नाहीशी झाली! जिवंत नमुने शेवटचे १९०२ मध्ये मिळाले. ती मुद्दाम कोणी संपवली नाही. झुंडी नसत तेव्हा हे टोळ पर्वतातल्या नद्यांच्या खोऱ्यांत अंडी घालत. नेमक्या त्याच खोऱ्यांत वसाहतवाल्यांनी नांगर घातले, पाणी फिरवले, गुरे सोडली. अब्जावधींच्या संख्येत असलेला जीव माणसाच्या हातून नकळत संपला. संख्या खूप आहे म्हणून एखादा जीव सुरक्षित आहे असे समजू नये, हा धडा त्यातून मिळतो.

तिसरी गोष्ट आपल्या घरची. 'मुंबई टोळ' नावाची एक स्वतंत्र जात आहे. १९०१ ते १९०८ या काळात जुन्या मुंबई इलाख्यात तिच्या झुंडींनी धुमाकूळ घातला. मॅक्सवेल लेफ्रॉय या सरकारी कीटकशास्त्रज्ञाने १९०३-०४ मध्ये तिचा अभ्यास केला आणि १९०६ मध्ये त्याचा अहवाल छापला गेला. त्यानंतर या जातीची तशी मोठी धाड आपल्याकडे आलेली नाही. पण थायलंडमध्ये हीच जात मक्यावर पडली. विमानातून फवारणी करूनही भागेना, तेव्हा तिथल्या लोकांनी टोळ पकडून तळून खायला सुरुवात केली आणि सरकारनेही त्याला उत्तेजन दिले. आज थायलंडच्या बाजारात तळलेले टोळ हा आवडीचा खाऊ आहे.

२०२० ची धाड आली कुठून?

आपल्या शेतात मे महिन्यात उतरलेल्या टोळांची कहाणी दोन वर्षे आधी, दोन हजारांहून जास्त किलोमीटर दूर सुरू झाली होती. मे २०१८ मध्ये मेकुनू आणि ऑक्टोबरमध्ये लुबान अशी दोन चक्रीवादळे अरबस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर आदळली. सौदी, ओमान आणि येमेनच्या सीमेवरच्या रुब-अल-खाली या निर्मनुष्य वाळवंटात पाऊस झाला, वाळूच्या टेकड्यांमध्ये तळी साचली. तिथे माणूस नाही, रस्ता नाही. कोणाच्या नजरेत न येता टोळांच्या तीन पिढ्या तिथे वाढल्या.

तिथून काही झुंडी येमेनकडे गेल्या. येमेनमध्ये युद्ध चालू होते, फवारणी कोण करणार? काही इराण आणि पाकिस्तानमार्गे २०१९ मध्ये राजस्थान आणि गुजरातेत आल्या. काही लाल समुद्र ओलांडून सोमालिया आणि इथिओपियात उतरल्या. २०१९ च्या डिसेंबरात सोमालियात आणखी एक चक्रीवादळ आले आणि तिथेही ओल मिळाली. केनियाने सत्तर वर्षांत पाहिली नव्हती एवढी मोठी धाड पाहिली. २०२० च्या सुरुवातीला सोमालिया आणि पाकिस्तान यांनी राष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली.

मे २०२० मध्ये राजस्थानात आलेले टोळ गुलाबी, म्हणजे अजून वयात न आलेले होते. त्यांना अंडी घालायची नव्हती, पोट भरायचे होते. उन्हाळ्यात राजस्थानात हिरवे काही उरले नव्हते आणि वारा पश्चिमेकडून जोरात होता. म्हणून ते मध्य प्रदेश ओलांडून थेट विदर्भात आले.

म्हणजे हा अजाब होता का? आम्ही त्या मुलाला एवढेच सांगितले की बेटा, कोणती आपत्ती कशासाठी आली हे ठरवणे आपल्या हातात नाही. पण ती कोणत्या रस्त्याने आली हे अल्लाहने दिलेल्या अकलेने शोधता येते. रस्ता कळला तर पुढच्या वेळी वाटेतच अडवता येते.

धर्मग्रंथांत टोळ, ताटात टोळ

कुरआनात टोळांचा उल्लेख दोन ठिकाणी आहे. सूरह आराफमध्ये फिरऔनच्या लोकांवर आलेल्या संकटांत पूर, उवा, बेडूक आणि रक्त यांच्याबरोबर टोळही येतात. सूरह कमरमध्ये कयामतच्या दिवशी कबरींतून उठून बाहेर पडणाऱ्या माणसांना विखुरलेल्या टोळांची उपमा दिली आहे. झुंडीचे टोळ उठताना ज्याने पाहिले असेल त्याला ही उपमा लगेच पटते.

दुसऱ्या बाजूला तोच टोळ अन्नही आहे. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांच्याबरोबर मोहिमांवर असताना सहाबांनी टोळ खाल्ले, अशी हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत हजरत अब्दुल्लाह बिन अबी औफा (रजि.) यांच्याकडून आली आहे. इब्ने माजा यांच्या संग्रहात हजरत इब्ने उमर (रजि.) यांच्याकडून आलेल्या हदीसनुसार मासा आणि टोळ हे जिबह न करताही हलाल आहेत. बहुतेक फुकहांच्या मते आपोआप मेलेला टोळही खाता येतो. मालिकी मसलकमध्ये मात्र तो माणसाच्या एखाद्या कृतीने मेलेला असावा लागतो. यहुदी धर्मग्रंथातही काही जातींचे टोळ खाण्याची मुभा आहे आणि येमेनी यहुद्यांनी ही परंपरा टिकवून ठेवली. बायबलमध्ये हजरत यहया (अलै.) टोळ आणि मध खाऊन राहत असल्याचा उल्लेख आहे.

ही गोष्ट केवळ पुस्तकातली नाही. आखाती देशांत नोकरी केलेल्या मंडळींना विचारा. कुवेतमध्ये आणि सौदीच्या कसीम भागात हिवाळ्यात टोळ बाजारात येतात. ते मिठाच्या पाण्यात उकडून किंवा भाजून खातात. मेक्सिकोच्या ओआहाका भागात नाकतोडे लिंबू, मीठ, मिरची लावून भाजतात. जपानमध्ये भातशेतीतले नाकतोडे सोया सॉस आणि साखरेत शिजवतात. युगांडात त्यांच्या लांब मिशांच्या भाऊबंदांचा हंगाम आला की रात्रभर दिवे लावून ते पकडतात. यांत प्रथिने भरपूर असतात.

मग त्या मुलाचा प्रश्न उरतोच. खाऊ शकतो का? हलाल असणे ही एक गोष्ट आणि खाण्यायोग्य असणे ही दुसरी. धाड आली की सरकार आणि शेतकरी विषारी औषधे फवारतात. टोळ रातोरात शंभर किलोमीटर नाही तरी दिवसा सहज दूर जातो, त्यामुळे आपल्या शेतात उतरलेला टोळ मागच्या जिल्ह्यात विष अंगावर घेऊन आला असू शकतो. धाडीतले टोळ माणसांनी खाऊ नयेत, कोंबड्या-बकऱ्यांनाही घालू नयेत. ज्यांना शिंक्या-खोकल्यासारखी ॲलर्जी आहे, किंवा कोळंबी-खेकडे चालत नाहीत, त्यांनी तर स्वच्छ टोळांपासूनही दूर राहावे.

विष न वापरता टोळ कामाला लावण्याचा प्रयोग २०२० मध्येच पाकिस्तानातल्या ओकारा जिल्ह्यात झाला. टोळ रात्री झाडांवर स्वस्थ बसलेले असतात. फवारणी न झालेल्या जंगलात गावकऱ्यांनी रात्री ते पोत्यात भरले. त्यांना किलोला वीस पाकिस्तानी रुपये मिळाले आणि टोळांचे कोंबडीखाद्य बनले. मोठी धाड अशाने संपत नाही, पण गरिबाच्या हातात चार पैसे पडले आणि जमिनीत विष गेले नाही.

नजर ठेवणारी माणसे

भारतात टोळांसाठी स्वतंत्र सरकारी संघटना आहे. टोळ इशारा संघटना १९३९ मध्ये स्थापन झाली आणि तिच्या प्रत्यक्ष कामाचे मुख्य केंद्र जोधपूरला आहे. तिची माणसे राजस्थान आणि गुजरातच्या वाळवंटात फिरून एकटे टोळ मोजतात. पाऊस कुठे पडला, वाळू किती ओली आहे, हिरवळ कुठे उगवली, याची नोंद ठेवतात.

याचा उपयोग आकड्यांत दिसतो. १९२६ ते १९३१ च्या टोळचक्रात देशातल्या पिकांचे नुकसान सुमारे १० कोटी रुपये होते, तेही त्या काळचे रुपये. १९५९ ते १९६२ च्या चक्रात ते सुमारे ५० लाखांवर आले. त्यानंतर झुंडी आल्या, पण वर्षानुवर्षे चालणारे तसे चक्र पुन्हा आले नाही.

टोळाला सीमा कळत नाही. म्हणून भारत आणि पाकिस्तानचे टोळ अधिकारी १९७७ पासून जून ते नोव्हेंबर या काळात सीमेवर, मुनाबाव किंवा खोखरापार इथे भेटून माहितीची देवाणघेवाण करत आले. बाकीचे संबंध बिघडलेले असतानाही बरीच वर्षे या बैठका चालू राहिल्या. एका किड्याने दोन शेजाऱ्यांना एका टेबलावर बसवले, हेही त्याच्या नात्यातलेच म्हणायचे.

औषधांचा इतिहास मात्र फारसा अभिमानाचा नाही. १९५० नंतर डिल्ड्रिन आणि बीएचसी ही औषधे सर्रास वापरली गेली. ती जमिनीत वर्षानुवर्षे राहतात, प्राण्यांच्या आणि माणसांच्या शरीरात साठतात. पुढे त्यांच्यावर बंदी आली. १९८९ पासून शास्त्रज्ञांनी एका बुरशीवर काम सुरू केले. ती फक्त टोळ आणि नाकतोड्यांना रोग लावते, मधमाशी आणि पक्षी यांना त्रास देत नाही. २०२० मध्ये सोमालियात ती मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. तिचा परिणाम सावकाश होतो, म्हणून ती पिल्ले चालत असतानाच वापरायला हवी. पुन्हा मुद्दा तोच, लवकर कळले पाहिजे.

आणि आपला कडुनिंब? १९५९ मध्ये सुदानमध्ये टोळधाड आली तेव्हा हाइनरिख श्मुटरर या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने पाहिले की सगळी झाडे बोडकी झाली, पण कडुनिंबाची पाने शाबूत राहिली. १९६२ मध्ये दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी पिकांवर निंबोळीचे द्रावण फवारले. टोळ त्या पिकांवर बसले, पण त्यांनी खाल्ले नाही. निंबोळी अर्काने झुंड मरत नाही, पण पीक वाचण्याला मदत होते.

शेतातला नाकतोडा

टोळधाड आयुष्यात एखाददोनदा दिसते. नाकतोडा रोजचा आहे. भातावर येणारा नाकतोडा कोकणात आणि पूर्व विदर्भात शेतकऱ्याला चांगला माहीत असतो. तो ज्वारी आणि उसावरही जातो. त्याची मादी पावसाळ्याच्या शेवटी शेताच्या बांधात अंडी घालते आणि पुढच्या पावसात पिल्ले निघतात. म्हणून जुनी शेतकरी मंडळी उन्हाळ्यात बांध छाटतात आणि जमीन नांगरून ठेवतात. अंडी उघडी पडतात, उन्हाने सुकतात, पाखरे वेचून खातात. या उपायाला पैसा लागत नाही आणि विषही लागत नाही.

पण बहुतेक नाकतोडे पिकाला हात लावत नाहीत. ते माळावरचे गवत खातात, त्यांच्या विष्ठेने जमिनीला खत मिळते आणि ते स्वतः दुसऱ्यांचे अन्न होतात. गाईच्या मागेमागे चालणारा गायबगळा काय करत असतो? गाईच्या पायांनी उडालेले नाकतोडे टिपत असतो. साळुंकी आणि भारद्वाज यांचेही ते खाद्य. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावरचा माळढोक आणि पावसाळ्यात येणारा तणमोर हे दोन्ही पक्षी नाकतोड्यांवर ताव मारतात. हे दोन्ही पक्षी आज नामशेष होण्याच्या काठावर आहेत. हिवाळ्यात आपल्याकडे थव्याने येणारी गुलाबी भोरडी उन्हाळ्यात मध्य आशियात टोळ खाऊनच पिल्ले वाढवते. चीनच्या शिनजियांग भागात टोळ आटोक्यात राहावेत म्हणून तिच्यासाठी दगडांची घरटी बांधून दिली आहेत.

२०२० नंतर आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने भीतीपोटी बांधावर दिसेल त्या नाकतोड्यावर औषध मारले. पुढच्या हंगामात ते म्हणाले, "सर, बगळे येनासेच झाले." नुसत्या औषधामुळेच असे झाले, हे छातीठोकपणे कोणी सांगू शकत नाही. पण जिथे खायला काही नाही, तिथे पाखरू कशाला येईल?

पुन्हा धाड आली तर

सगळ्यात आधी कळवावे. टोळांचा मोठा थवा दिसला तर तलाठी, कृषी सहायक किंवा तालुका कृषी कार्यालयाला लगेच सांगावे. थवा कोणत्या दिशेने येतोय, किती वाजता आणि कुठे उतरला, ही माहिती सोबत द्यावी. पथके रात्री ते पहाटे या वेळात फवारणी करतात, कारण तेव्हा टोळ बसलेले असतात. म्हणून संध्याकाळी ते कुठे उतरले हे सांगणारा माणूस सगळ्यात मोलाचा. विदर्भात अग्निशमन दलाच्या गाड्या आणि ट्रॅक्टरवरचे फवारे वापरले गेले. त्या वर्षी देशात ड्रोननेही फवारणी झाली.

थाळ्या वाजवल्याने टोळ उठतात, ते खरे आहे. पण ते मरत नाहीत, शेजाऱ्याच्या शेतात जाऊन बसतात. आपले पीक वाचवताना शेजाऱ्याला फोन करायला विसरू नये. फवारणी झालेल्या शेतात मुलांना आणि जनावरांना सोडू नये, विहीर झाकून ठेवावी. मेलेले टोळ गोळा करून खड्ड्यात पुरावेत.

आणि घरी मुलांना नाकतोडा दाखवावा. हातात धरून मिशा मोजायला, पोटावरचे कान शोधायला सांगावे, मग सोडून द्यायला लावावे. आम्ही आता दर पावसाळ्यात वर्गात हेच करतो. मागच्या वर्षी एका मुलीने बाटलीत आणलेला नाकतोडा तास संपल्यावर खिडकीतून सोडला आणि म्हणाली, "सर, ये तो अकेला है. इसने क्या बिगाडा?"

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आमच्यापेक्षा तिने चांगले दिले.